वकील कोणाचा?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

चुडावा हे पूर्णा आणि नांदेड यांच्यामधले एक लहानसे स्टेशन. बऱ्याच वेगवान गाड्या येथे न थांबताच निघून जातात. अशा गावाचा आणि लंडन शहराचा काय संबंध, असे कोणी विचारले तर लोक हसतील. दोन वर्षांपूर्वी मीही हसलो असतो. परंतु इतिहास हा विषय घेतल्यानंतर वाचता वाचता कळले की, आमच्या शिवारातून जाणारी ही रेल्वे पूर्वी जी कंपनी चालवीत असे, ती 'निझाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे' कंपनी १८८३ साली लंडनमध्ये स्थापन झाली होती. गाडी मराठवाड्याच्या मातीवरून धावणार, भागीदार विलायतेत बसणार, आणि त्यांच्या व्याजाची हमी देणार हैदराबादचा खजिना! खजिना म्हणजे तरी काय? अखेर शेतकऱ्याने भरलेला सारा. १९३० साली निजाम सरकारने ही रेल्वे आपल्या ताब्यात घेतली, तोवर हा व्यवहार चालू होता. हैदराबाद आणि लंडन यांच्यामध्ये कोणीतरी बोलत होते, करार करीत होते, सह्या करीत होते. आणि त्या सह्यांचे परिणाम आमच्या गावापर्यंत येऊन पोचत होते.

हे 'कोणीतरी' कोण होते आणि ते कोणाच्या वतीने बोलत होते, हा प्रश्न माझ्या मनात आला तो मात्र पुस्तकातून नव्हे.

गेल्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी गावात झेंडावंदन झाले आणि 'कॉलेजात जाणारा मुलगा' म्हणून मला भाषण करायला सांगण्यात आले. मी तयारी करून गेलो होतो. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाई सुरू झाली, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली, सरदार पटेल, स्वामी रामानंद तीर्थ, सर्व काही सांगितले. शेवटी थोडी विद्वत्ता दाखवण्याचा मोह आवरला नाही. मी म्हणालो की, इकडे फौजा पुढे सरकत होत्या तेव्हा तिकडे पॅरिसमध्ये हैदराबादचे वकील संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीपुढे 'हैदराबादच्या वतीने' दाद मागत होते. टाळ्या पडल्या. परत येताना आमच्या आळीतले, नव्वदीला टेकलेले आबा काठी टेकत माझ्याबरोबर चालत होते. ते म्हणाले, "बाबू, हैद्राबाद म्हंजी त्यात आपुनबी आलोच की?"

मी म्हणालो, "हो आबा. आपला परभणी जिल्हाही आला त्यात."

"मंग आमाला कुनी इचारलं व्हतं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा शोध आहे. प्राध्यापकांना आणि मित्रांना तो पटेलच असे नाही. पण या प्रश्नाचा विचार व्हावा एवढीच अपेक्षा आहे.

आज 'वकील' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काळा कोट येतो. परंतु मराठेशाहीच्या कागदपत्रांत वकील म्हणजे दुसऱ्या दरबारी राहून आपल्या दरबाराची बाजू मांडणारा माणूस. आजच्या भाषेत राजदूत. दिल्लीच्या दरबारात पेशव्यांतर्फे हिंगणे घराण्यातील माणसे वकिली करीत. हैदराबादच्या दरबारात गोविंदराव काळे होते. त्यांनी पाठवलेली पत्रे आजही इतिहासाच्या अभ्यासकांना उपयोगी पडतात. निजामाचे वकील पुण्यास असत. १७९५ साली खर्ड्याची लढाई झाली, निजामाचा पराभव झाला, त्याचा दिवाण मुशीर-उल्-मुल्क याला मराठ्यांच्या स्वाधीन व्हावे लागले. पण ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, लढाईपूर्वी बोलणी वकिलांनीच केली आणि लढाईनंतर तहाची भाषाही वकिलांनीच केली. दोन्हीकडे वकील होते, म्हणून भांडण असो वा सलोखा, तो बरोबरीच्यांचा होता.

इंग्रजांनी या रीतीत एक फरक केला. १७७९ साली जॉन हॉलंड हा ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला रेसिडेंट म्हणून हैदराबादला आला. रेसिडेंट म्हणजे राहणारा. तो आला आणि खरोखरच राहिला! पुढे १७९८ च्या तहाने निजामाने आपल्या पदरची फ्रेंच अंमलदारांच्या हाताखालील पलटणे मोडली आणि इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. १८०० च्या तहाने दुसऱ्या सत्तांशी परस्पर बोलणी करण्याची मोकळीकही गेली. म्हणजे कंपनीचा वकील हैदराबादेत कायमचा बसला आणि हैदराबादचे वकील मात्र जगाच्या पाठीवर कोठेही जाईनासे झाले. वकिली ही दोन बाजूंची असते. ती एकाच बाजूची झाली की तिला वकिली म्हणत नाहीत, पहारा म्हणतात. त्या काळातला रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक याने मुसी नदीकाठी जो खांबांचा प्रचंड प्रासाद उभारला तो आजही पाहायला मिळतो. राजदूताचे घर राजवाड्यासारखे दिसू लागले, यातच सारे आले.

याचा परिणाम आपल्या भागावर काय झाला, हे पाहायला हैदराबादला जाण्याची गरज नाही. हिंगोलीला जावे. आज हिंगोली स्वतंत्र जिल्हा आहे, पण १९९९ पर्यंत ती आपल्या परभणी जिल्ह्यातच होती. एकोणिसाव्या शतकात तेथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. ही फौज नावाला निजामाची, अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा आणि पगार मात्र निजामाच्या तिजोरीतून. तिजोरीत पैसा नसे, तेव्हा विल्यम पामर कंपनीसारख्या पेढ्यांकडून जबर व्याजाने कर्ज काढले जाई. पगार थकला की कर्ज, कर्ज थकले की आणखी कर्ज. अखेर १८५३ साली रेसिडेंट कर्नल लो याने निजाम नासिरुद्दौला याच्याकडून तह करून घेतला आणि या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. धाराशिव आणि रायचूर १८६० मध्ये परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही. १९०२ साली लॉर्ड कर्झनने ते वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने घेतले.

एका शेतकऱ्याच्या घरात सावकाराच्या वहीने जे होते, तेच एका राज्याच्या बाबतीत रेसिडेंटच्या वहीने झाले. फरक इतकाच की शेतकऱ्याला निदान आपले शेत गहाण पडल्याचे ठाऊक असते. वऱ्हाडातल्या वा हिंगोलीच्या रयतेला कोणी काही सांगण्याचा प्रश्नच नव्हता.

मग हैदराबादने लंडनला आपला माणूस पाठवलाच नाही काय? पाठवला. १८५३ चा तह झाल्यानंतर थोड्याच दिवसांत सर सालारजंग हे दिवाण झाले. राज्यकारभाराची घडी बसवणारे दिवाण म्हणून त्यांची ख्याती आहे. जिल्हे, महसूल, न्यायखाते यांची व्यवस्था त्यांच्याच काळात लागली. वऱ्हाड परत मिळवणे हा त्यांच्या आयुष्याचा ध्यास होता. १८७६ साली ते स्वतः इंग्लंडला गेले. तेथे त्यांचा मोठा सत्कार झाला. ऑक्सफर्ड विद्यापीठाने पदवी दिली, लंडन शहराने सन्मानाचे नागरिकत्व दिले. वऱ्हाड मात्र कोणी दिले नाही. पाहुण्याला पाटावर बसवून पंचपक्वान्ने वाढावीत आणि ज्या कामासाठी तो आला त्याबद्दल एक शब्दही बोलू नये, असा हा प्रकार होय.

त्यांच्याही आधी एक मराठी माणूस अशाच कामासाठी लंडनला गेला होता. सातारचे छत्रपती प्रतापसिंह यांना १८३९ साली पदच्युत करून कंपनीने काशीस पाठवले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि सुमारे चौदा वर्षे तेथे राहिले. दरम्यान १८४७ मध्ये ज्यांचे ते वकील ते प्रतापसिंह महाराज काशीस निवर्तले. पुढच्याच वर्षी त्यांचे बंधू शहाजी वारले आणि सातारचे राज्य डलहौसीने खालसा केले. ज्या राज्याचे वकील म्हणून गेले ते राज्यही उरले नाही, तरी रंगो बापूजी माघारी फिरले नाहीत. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत आणि छापील कागदांतून ते दाद मागतच राहिले. जोसेफ ह्यूम, जॉर्ज टॉमसन यांच्यासारखे काही इंग्रजही त्यांच्या बाजूने बोलले. यश आले नाही. परत आल्यावर १८५७ च्या उठावात त्यांचे नाव पुढे आले, मुलगा फासावर गेला आणि स्वतः रंगो बापूजी असे नाहीसे झाले की सरकारला सापडलेच नाहीत. प्रबोधनकार ठाकरे यांनी त्यांच्यावर मोठा ग्रंथ लिहिला आहे.

सालारजंगांना मान मिळाला, रंगो बापूजींना तोही मिळाला नाही. काम दोघांचेही झाले नाही. यावरून मला असे वाटते की, वकिलाची हुशारी, निष्ठा, भाषा, कष्ट हे सर्व असूनही एक गोष्ट कमी पडते. ती म्हणजे त्याच्या पाठीशी उभी असलेली, आणि उभी आहे हे दिसणारी माणसे. राजाची सही म्हणजे त्याच्या मागे असलेली रयत नव्हे. लंडनने हे बरोबर ओळखले होते. ज्याची रयत मुकी आहे अशा राजाच्या वकिलाला चहा पाजून परत पाठवता येते.

आता आबांच्या काळाकडे येऊ.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्रजांची अधिसत्ता संपली. हैदराबाद भारतातही सामील झाले नाही आणि पाकिस्तानातही नाही. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि निजाम यांच्यात एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. त्या करारात एक कलम असे होते की, दोघांनी एकमेकांकडे आपले प्रतिनिधी नेमावेत. त्याप्रमाणे भारताचे एजंट जनरल म्हणून कन्हैयालाल मुन्शी जानेवारी १९४८ मध्ये हैदराबादला गेले आणि निजामाचे एजंट जनरल म्हणून नवाब झैन यार जंग दिल्लीला राहिले. तब्बल दीडशे वर्षांनी हैदराबादच्या बाबतीत पुन्हा दोन्ही बाजूंनी वकील नेमले गेले! लंडनमध्येही हैदराबादचे एजंट जनरल मीर नवाझ जंग होते. २१ ऑगस्ट १९४८ च्या पत्राने हैदराबादने भारताविरुद्ध सुरक्षा समितीकडे तक्रार केली आणि परराष्ट्र खात्याचे मंत्री मोईन नवाझ जंग शिष्टमंडळ घेऊन गेले. १६ सप्टेंबरला पॅरिस येथे हा विषय चर्चेला घ्यावा की नाही यावर मतदान झाले. आठ मते बाजूने पडली, विरुद्ध एकही नाही, आणि चीन, रशिया व युक्रेन हे तटस्थ राहिले. भारताची बाजू रामस्वामी मुदलियार मांडत होते. दुसऱ्याच दिवशी निजामाने शरणागती पत्करली आणि २२ तारखेला त्याने तक्रारच मागे घेतली. पॅरिसला गेलेल्या वकिलांच्या पायाखालची सतरंजी त्यांच्या धन्यानेच काढून घेतली!

याच धामधुमीत आणखी एक गोष्ट घडली. लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेत हैदराबाद सरकारचे खाते होते. त्या खात्यातील १०,०७,९४० पौंड आणि ९ शिलिंग एवढी रक्कम पाकिस्तानचे लंडनमधील हायकमिशनर हबीब इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या नावे वर्ग झाली. २० सप्टेंबरला ती जमा झाली आणि आठवड्याभरातच निजामाने बँकेला कळवले की, हे माझ्या संमतीने झालेले नाही. बँकेने पैसे अडकवून ठेवले. प्रकरण कोर्टात गेले. १९५७ साली इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने, परराष्ट्राच्या सरकारला आमच्या कोर्टात खेचता येत नाही, या तत्त्वावर दावा थांबवला. ज्यांनी पैसे पाठवले ते गेले, ज्यांनी घेतले ते गेले, सातवे निजामही १९६७ साली गेले. अखेर २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या हायकोर्टाने निकाल दिला की, पैशावर पाकिस्तानचा हक्क नाही. निजामाचे नातू आणि भारत सरकार यांचा आहे. तोवर दहा लाखांचे साडेतीन कोटी पौंड झाले होते.

एकाहत्तर वर्षे चाललेल्या या खटल्यात निजाम होता, त्याचे नातू होते, दोन देशांची सरकारे होती, बँक होती. ज्या खजिन्यातून ते पैसे गेले तो भरणारा माणूस त्यात कोठेच नव्हता. पैसा सरकारचा की निजामाचा खाजगी, यावर दोन देशांतील नामांकित कायदेपंडितांनी डोकेफोड केली. आमच्या आबांना विचारले असते तर त्यांनी एका वाक्यात सांगितले असते की, लेव्हीचे धान्य आमच्या बळदातून गेले होते.

येथे माझे राज्यशास्त्राचे एक मित्र मला अडवतात. त्यांचे म्हणणे असे की, मी भावनेच्या भरात कायदा विसरतो आहे. इंग्रजांची अधिसत्ता संपल्यावर संस्थाने कायद्याने मोकळी झाली होती. भारताने स्वतःच हैदराबादशी करार केला, स्वतःच एजंट जनरल पाठवला. सुरक्षा समितीत आठ राष्ट्रांनी विषय ऐकून घेण्याच्या बाजूने मत दिले. मग निजामाच्या वकिलाला 'वकीलच नाही' असे कसे म्हणता येईल? शिवाय राजाच्या वकिलाला लोकांनी निवडलेले नसते हे रंगो बापूजींनाही लागू आहे. त्यांचे गोडवे गाता आणि मोईन नवाझ जंगांना बोल लावता, हा न्याय कोणता?

आक्षेप बिनतोड आहे हे मी मान्य करतो. कागदावर निजामाचा हक्क अगदीच नव्हता असे मीही म्हणणार नाही. आणि दुबळ्या राज्यांना जगापुढे तक्रार मांडता आली पाहिजे, हेही मला पटते. नाहीतर बळी तो कान पिळी एवढाच न्याय उरेल. परंतु रंगो बापूजी आणि निजामाचे वकील यांच्यात एक भेद आहे. रंगो बापूजींच्या काळी रयतेने आपले म्हणणे मांडण्याची रीतच नव्हती. १९४८ साली रयत बोलत होती आणि तिचे तोंड बंद केले जात होते. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ सालीच, तिच्या जन्मासरशी, बंदी आली. स्वामी रामानंद तीर्थ १९४८ मध्ये तुरुंगात होते. गावोगावी रझाकारांची दहशत होती. दीड कोटीहून अधिक लोकसंख्येच्या या राज्यात लोकांना जबाबदार असे मंत्रिमंडळ नव्हते. ज्याने घरातल्या माणसांच्या तोंडाला फडके बांधले आहे, त्याने चव्हाट्यावर जाऊन 'आमच्या घरच्यांचे म्हणणे असे आहे' असे सांगावे, याला वकिली म्हणता येईल काय? कायद्याने म्हणता येईलही. न्यायाने नाही.

मग मुन्शी आमचे वकील होते काय? तेही भारत सरकारचे वकील; चुडाव्याने त्यांना निवडले नव्हते. खरे म्हणजे त्या वर्षी आमची वकिली केली ती सरहद्दीवरच्या कॅम्पांतून राहिलेल्या, निरोप पोचवणाऱ्या, तुरुंगात गेलेल्या साध्या माणसांनी. त्यांच्याजवळ कोणत्याही राजाचे अधिकारपत्र नव्हते. सुरक्षा समितीच्या सभागृहात त्यांना कोणी आत घेतले नसते. आणि परभणीच्या रयतेला आपला प्रतिनिधी प्रौढ मतदानाने निवडायला मिळाला तो १९५२ च्या निवडणुकीत. आबांच्या प्रश्नाचे सरळ उत्तर हेच. "आबा, १९५२ पर्यंत कोणीही विचारले नव्हते."

लेख येथे संपवता आला असता. पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय तो प्रामाणिक होणार नाही.

पोलीस कारवाईनंतर संस्थानच्या काही भागांत मुसलमान नागरिकांवर भयंकर अत्याचार झाले. पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांचे मंडळ पाहणीसाठी पाठवले. १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात त्यांनी दौरा केला. मृतांची संख्या हजारांच्या घरात असल्याचे त्यांनी लिहिले आणि ज्या जिल्ह्यांना सर्वांत अधिक झळ बसली असे सांगितले त्यांत आमच्या शेजारचा नांदेड जिल्हा आहे. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. रझाकारांनी केलेले अत्याचार मी माझ्या भाषणात आवेशाने सांगितले. हे सांगितले नाही. ठाऊक नव्हते असे नाही. टाळ्या पडणार नाहीत हे ठाऊक होते. निजामाचे वकील त्या लोकांच्या नावाने बोलून गेले आणि निघून गेले, आणि नंतर त्यांच्या वतीने बोलायला कोणीच उरले नाही. 'आमाला कुनी इचारलं व्हतं?' हा प्रश्न फक्त आमच्या आळीचा नाही, हे मला उशिरा कळले. आपण जेव्हा 'मराठवाड्याच्या वतीने' भाषण करतो तेव्हा त्या मराठवाड्यात कोण कोण येते, हे आधी ठरवले पाहिजे.

हा सर्व खटाटोप मी का करतो आहे? कारण मित्रहो, आपण सगळे एका अर्थाने वकील होऊ घातलो आहोत. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. आपल्यापैकी अनेकांची हीच स्थिती आहे. अशा मुलाला गाव आपोआप वकील करून टाकते. अर्ज लिही, फॉर्म भर, साहेबाशी बोल, आलेले पत्र वाचून दाखव. मागल्या वर्षी आमच्या आळीने पाण्याच्या हातपंपासाठी अर्ज लिहायला मला सांगितले. मी चांगला दोन पानी अर्ज लिहिला. भाषा अशी की प्राध्यापकांनीही मान डोलवावी! त्यात मी आपल्या मनाने वाचनालय घातले, सिमेंटचा रस्ता घातला आणि पाणी तिसऱ्या कलमात गेले. सर्वांनी विश्वासाने सह्या केल्या, अंगठे दिले. जाण्याच्या आधी शेजारच्या काकू म्हणाल्या, "वाचून तर दाखव, काय लिवलंय ते." मी वाचले. सगळे गप्प. मग त्यांनी विचारले, "आन् पान्याचं?"

"आहे ना काकू, तिसऱ्या कलमात आहे."

"मंग पह्यल्यात का न्हाई?"

मी तो अर्ज फाडला आणि दुसरा लिहिला. चार ओळींचा, फक्त पाण्याचा. तेव्हा लाज वाटली होती ती वाईट अर्ज लिहिल्याची. आज या इतिहासाचे वाचन झाल्यावर कळते की माझी चूक भाषेची नव्हती. अंगठे त्यांचे आणि मागणी माझी, अशी ती वकिली होती. सही घेणे म्हणजे विचारणे नव्हे. कर्नल लो यानेही निजामाची सही घेतलीच होती.

म्हणून माझे मत असे आहे की, इतिहासात राजदूत आणि वकील यांचा अभ्यास करताना कोणता वकील केव्हा कोठे गेला, त्याने किती तोफांची सलामी घेतली, एवढे पाठ करून भागणार नाही. तो ज्यांच्या नावाने बोलला त्यांना त्याने काय विचारले आणि परत येऊन काय सांगितले, हेही पाहिले पाहिजे. निजामाचे वकील मोठ्या घरचे, शिकलेले, इंग्रजी फर्डे बोलणारे होते. त्यांच्यात उणीव नव्हती ती विद्येची नव्हे. आपण पदव्या घेऊन बाहेर पडू, कोणी शिक्षक होईल, कोणी कचेरीत बसेल, कोणी निवडणुकीला उभा राहील. त्या वेळी आपल्यातही हीच उणीव राहू नये.

आमच्या इतिहास विभागाला एक विनंती करून थांबतो. १९४८ ज्यांनी डोळ्यांनी पाहिले अशी माणसे आता गावागावांत एकदोनच उरली आहेत, आणि तीही तेव्हा लहान मुले होती. लंडनचे खटले, पॅरिसचे मतदान, दिल्लीची पत्रे हे सर्व कागद नीट जपलेले आहेत. ते शंभर वर्षांनीही वाचता येतील. आबांचे तसे नाही. येत्या सुट्टीत आपण विद्यार्थी वही घेऊन आपापल्या गावच्या अशा माणसांकडे जाऊ, सर्व वस्त्यांतून आणि सर्व मोहल्ल्यांतून, आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेऊ. लिहून झाले की त्यांना वाचून दाखवू.

हैदराबादच्या ज्या प्रासादात रेसिडेंट राहत असे तेथे १९४९ पासून मुलींचे महाविद्यालय भरू लागले आणि आज तेथे महिला विद्यापीठ आहे. जेथे एकट्या रेसिडेंटचा शब्द चालत होता तेथे आज शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या मुली शिकतात, हे मला फार चांगले वाटते. त्या शिकून कोणाच्या वतीने बोलतील, हे मात्र इमारत सांगू शकत नाही. ते त्यांना ठरवायचे आहे, आणि आपल्यालाही.

आबांना मी अजून उत्तर दिलेले नाही. हा अंक छापून आला की त्यांना हा लेख वाचून दाखवणार आहे. त्यांना काही खटकले तर ते सांगतीलच.